सुटली की सोडायची

नर्सने डावा दंड धरला, त्याने उजवा हात हातात घेतला आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्याची बायको कॉटवरून उठून उभी राहिली.

“ओढायचं नाही हं,” नर्स म्हणाली. “छातीचं हाड तारांनी बांधलंय. नुसता आधार द्या. चला काकू, दारापर्यंत जाऊन येऊ.”

“दारापर्यंत कशाला? आता उठलेच आहे तर घरीच जाते.”

घशातल्या नळीमुळे तिचा आवाज घोगरा झाला होता, पण बोलणं तिचंच होतं. खिडकीपाशी थर्मास घेऊन उभी असलेली तिची धाकटी बहीण हसली. तोही हसला. हृदयाची झडप बदलावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्यांच्यात कुणी हसलंच नव्हतं.

सुरुवातीची पावलं नीट पडली. मग तिचा गुडघा एकाएकी दुमडला. तिचं सगळं वजन त्याच्या तळहातावर आलं. तळहात घामाने ओला होता आणि तिची बोटं त्यातून निसटायला लागली. त्या क्षणी त्याने दोन्ही हात उघडले, खांद्यांच्या वर उचलले, पाय मागे घेतले आणि तो भिंतीला जाऊन टेकला.

एकट्या नर्सला ती पेलवली नाही. कॉटच्या लोखंडी कडेला खांदा घासत ती खाली गेली आणि फरशीवर आडवी झाली. कुणीतरी घंटा दाबली, शेजारच्या कॉटवरची म्हातारी ओरडायला लागली, दोन वॉर्डबॉय धावत आले. तो भिंतीला पाठ लावून उभाच होता. फरशीवरून त्याची बायको त्याच्या हातांकडे बघत होती. ते अजून वरच होते. तिची नजर कुठे आहे हे लक्षात आलं तेव्हा कुठे त्याने ते खाली घेतले.

एक्स-रेच्या खोलीबाहेर एक बाक होता. त्याच्या एका टोकाला तो बसला, दुसऱ्या टोकाला मेहुणी. घरातलं शेंडेफळ म्हणून तिला लहानपणापासून सगळे बारकी म्हणत. आता ती चांगली भरली होती आणि तिच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती, पण नाव बारकीच राहिलं होतं.

“भावजी, तुम्ही मागे सरलात.”

त्याने ओले तळवे पँटला पुसले.

“मी बघितलं. आधी वाटलं, तुम्हालाच चक्कर आली. पण तुम्ही हात वर केलेत. कुणी पिस्तूल रोखल्यावर करतात तसे.”

“हो.”

“हो काय, हो? ती पडत होती आणि तुम्ही बाजूला झालात!”

सांगण्यासारखं होतं, पण तिथे, त्या बाकावर, ते तोंडातून निघेना. त्याचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांच्या काचा, आरसे, तसबिरींच्या चौकटी. मोठी काच एकट्याने उचलता येत नाही. पुढचं टोक बायकोचं, मागचं त्याचं, अशी दोघांनी मिळून उभी हयात काच वाहिली होती. ज्या म्हाताऱ्याकडे तो काम शिकला, त्याने हातात काच कापायची हिरकणी द्यायच्या आधी एकच गोष्ट घोटून घेतली होती. सुटली की सोडायची. काच हातातून निसटते आहे असं ज्याला आधी जाणवेल त्याने ओरडायचं, आणि दोघांनी हात उघडून वर करायचे, पाय मागे घ्यायचे. झेलायला जायचं नाही. पडणारी काच धरणारे कारागीर त्याने पाहिले होते. त्यांना नंतर शर्टाची बटणंही लावता येत नसत.

लग्नानंतर त्याने हे बायकोला शिकवलं. तिला फार जड गेलं. पडणारी वस्तू धरायची हा तर माणसाचा स्वभाव. दुकानामागच्या मोकळ्या जागेत तो टाकाऊ तुकडे मुद्दाम तिच्या हातातून निसटू द्यायचा आणि ती धरायला वाकली की रागवायचा. शेवटी तिचेही हात आपोआप वर जाऊ लागले. एरवी त्याला अहो-जाहो करणारी ती काच हातात असली की सरळ “सोड!” म्हणून ओरडायची. काच सुटत असताना मान देत बसायला वेळ नसतो. इतक्या वर्षांत काचा पुष्कळ फुटल्या, पण दोघांचीही बोटं शाबूत होती आणि त्याचा त्याला अभिमान होता.

आता हे बारकीला कसं सांगायचं? तुझी बहीण निसटायला लागली आणि मी तिला काचेसारखी सोडली?

एक्स-रे चांगला निघाला. तारा जागच्या जागी होत्या, हाड हललं नव्हतं. खांदा तेवढा काळानिळा पडला होता. त्याच्या जिवात जीव आला, पण अर्धाच. वॉर्डात परतल्यावर बायको डोळे मिटून पडली होती. त्याने तिच्या पायांवरची चादर नीट केली. तिने डोळे उघडले नाहीत.

सुट्टी द्यायच्या दिवशी डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सगळं समजावलं. वजन उचलायचं नाही, जिना चढायचा नाही, खोकला आला तर छातीशी उशी घट्ट धरून खोकायचं. आणि एक गोळी जन्मभर, रक्त पातळ ठेवायची.

“ती चुकवायची नाही. आणि जपायचं. साधं कापलं तरी रक्त लवकर थांबणार नाही. घरात धारदार काही पडलेलं असता कामा नये. तुमचा व्यवसाय काय?”

“काचेचा.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“राहता कुठे?”

“दुकानातच. वर माळा आहे.”

त्याच्या मागे उभ्या असलेल्या बारकीने नाकातून मोठा श्वास सोडला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “आमच्याकडे रंगकाम चाललंय. तो वास तिला सोसायचा नाही, नाहीतर आत्ताच नेली असती. पुढच्या तपासणीला टॅक्सी घेऊन येते आणि तिकडूनच तिला माझ्या घरी नेते. खालचा मजला आहे, वेगळी खोली आहे. पुरती बरी होईपर्यंत राहील.”

“तिला विचारलंस?”

“तुम्हीच विचारा.”

त्याने टॅक्सीत विचारलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

“बघू,” ती म्हणाली.

दुकानात गिऱ्हाईक भाव ऐकून ‘बघू’ म्हणालं की ते परत येत नसे. त्याने पुढे काही विचारलं नाही.

माळ्याची शिडी खडी होती, म्हणून कॉट खाली दुकानातच मांडायची होती. ती घरी यायच्या आधीचे दोन दिवस तो त्याच कामात होता. काचा उभ्या ठेवायची लाकडी घोडी त्याने एका भिंतीला सरकवली, कापायचं टेबल बाहेर पत्र्याखाली नेलं आणि मग जमीन झाडायला घेतली. झाडली, ओल्या फडक्याने पुसली, आणि गुडघ्यांवर बसून मळलेल्या पिठाचा गोळा फटीफटीतून दाबत फिरवला. बारीक कणी त्यालाच चिकटते. गोळा चमकायला लागला की फेकायचा आणि नवा घ्यायचा. शेवटी बॅटरी जमिनीलगत आडवी धरून त्याने पाहिलं, तर कोपऱ्यात अजून काहीतरी लुकलुकलंच. तिच्यासाठी त्याने जाड तळाचे कॅनव्हासचे बूट आणले होते. कॉटवरून पाय खाली ठेवायच्या आधी बूट, हा घरातला नवा कायदा होता.

बायकोने कायदा निमूटपणे पाळला. तिचा निमूटपणाच त्याला खात होता. पूर्वी त्याने साधा चहा केला तरी ती त्यात खोड्या काढायची. आता त्याने केलेलं पांचट सूप ती शेवटपर्यंत प्यायची आणि म्हणायची, “चांगलं झालंय.”

आणि ती त्याचा हात धरत नव्हती. कॉटवरून उठली की घोडीचा खांब, मग भिंत, मग गल्ल्याची कड, मग दाराची चौकट, असं धरत धरत ती न्हाणीघरापर्यंत जायची. तो हात पुढे करून तिच्या बाजूने चालायचा. त्या हाताकडे ती एकदा बघायची आणि भिंतीला धरायची.

“जमतंय मला,” म्हणायची.

त्याला भीती वाटत होती. तिचा आपल्यावरचा विश्वास उडाला, ही भीती. आणि विचारलं तर ती ‘हो’ म्हणेल, ही त्याहून मोठी. त्या दिवसाबद्दल बोलायला त्याने किती वेळा तोंड उघडलं असेल. मग तिला खोकला यायचा, ती उशी छातीशी आवळायची, वेदनेने तिचा चेहरा पिळवटून जायचा, आणि त्याचं बोलणं राहून जायचं.

त्याने दुसरंच काहीतरी सुरू केलं. पडेल ते धरायचं. साबण निसटला, धरला. टेबलावरून चमचा घरंगळला, धरला. एकदा पातेल्यावरचं तापलेलं झाकण सरकलं तेही त्याने दोन्ही हातांनी धरलं. बोटं भाजली, पण सोडलं नाही. नळाखाली हात धरून उभा असताना त्याला बरं वाटत होतं. हे वेड्यासारखं आहे हे त्यालाही कळत होतं, आणि तरी तो दिवसभर वस्तूंवर डोळा ठेवून असायचा.

कामं त्याने बारीकसारीकच घेतली होती. ऑपरेशनचा बराचसा भार एका ट्रस्टने उचलला होता, उरलेल्यासाठी दुकानाचा टेम्पो विकावा लागला होता. औषधांपुरतं तसबिरींच्या चौकटींवर भागायचं, पण ओढूनताणून. मोठं असं एकच काम राहिलं होतं. नाक्यावरच्या सलूनवाल्याचा आरसा. तो आधीच कापून, पॉलिश करून घोडीवर उभा होता.

तपासणीच्या दिवशी सकाळी बायकोने आपली पिशवी भरली. त्याने बघितलं, तिने गाऊन घेतले, गोळ्या घेतल्या, कंगवा घेतला. थंडीला अजून अवकाश होता, तरी स्वेटरही घेतला. स्वेटर पाहून तो बाहेर पत्र्याखाली जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात सलूनवाल्याचा फोन आला. हातगाडी घेऊन निघालोय, घाई आहे, आरसा दारात काढून ठेवा. थांबा, दोघं मिळून उचलू, असं त्याने म्हणायला हवं होतं. त्याचे हातमोजे बाहेर टेबलावर होते. पण त्याच्या डोक्यात स्वेटर होता.

आत बायको कॉटवर बसून बुटाची नाडी बांधत होती. तो घोडीपाशी गेला, आरसा दोन्ही बाजूंनी धरला आणि उचलला. खालचा कोपरा लाकडाच्या पट्टीत अडकला. त्याने हिसका दिला. कोपरा सुटला, पण वरची कड पुढे झुकली आणि आरसा कॉटच्या दिशेने जाऊ लागला. झुकत्या आरशात त्याला ती दिसली. नाडी हातात, मान वर, तोंड उघडलेलं.

“सोड!” ती ओरडली.

त्याने सोडला नाही. दोन्ही पंजे कडांवर आवळून, खालून मांडीचा टेकू देऊन त्याने सगळं वजन आपल्याकडे ओढलं. आरसा मधोमध तडकला. खालचा भाग त्याच्या पायांपाशी फुटला, वरचा त्याच्या हातात राहिला. तो त्याने सावकाश भिंतीला टेकवून ठेवला. मग हात बघितले. दोन्ही तळवे कापले होते, आणि रक्त कोपरांपर्यंत ओघळत होतं.

“येऊ नकोस!” तो ओरडला. “खाली काच आहे! तिथेच थांब!”

पण ती उठली होती. ना खांब, ना भिंत, ना गल्ला. खोलीच्या मधोमध, जिथे धरायला काहीच नव्हतं, तिथून ती सरळ चालत आली. बुटांखाली तुकडे करकरत होते.

“हात लावू नकोस, तुझं रक्त थांबणार नाही...”

“गप्प बस. खाली बस. मूठ आवळ. हात वर धर.”

तो स्टुलावर बसला, हात वर धरून. तिने उशीचा अभ्रा दातांनी फाडला, आणि एक एक तळवा घट्ट बांधला. गाठ मारताना छातीत कळ आली असावी, कारण ती क्षणभर डोळे मिटून थांबली. मग दुसरी गाठ मारली.

दारात टॅक्सी थांबली. बारकी आत आली आणि उंबऱ्यातच तिचे पाय खिळले.

“अगं बाई! ताई, तुला काही लागलं?”

“मला नाही. यांना.”

बारकीने जमीन पाहिली, आरसा पाहिला, मेहुण्याचे पांढऱ्याचे लाल होत चाललेले पंजे पाहिले.

“झालं. म्हणजे आता हिला कोण बघणार? तुमचे तर दोन्ही हात गेले. चल ताई, पिशवी कुठाय?”

“आधी यांना टाके घालून घेऊ,” बायको म्हणाली. “माझी तपासणीही तिथेच आहे. एका फेरीत दोन्ही होईल.”

“आणि मग माझ्याकडे.”

“मग घरी.”

“कुणाच्या घरी?”

“बारके, यांना आता जेवायला कोण भरवणार? अंघोळ कोण घालणार? तू?”

बारकीने भावजींकडे एकदा नीट पाहिलं. मग ती टॅक्सीवाल्याला थांबायला सांगायला बाहेर गेली. जाता जाता सलूनवाला हातगाडी घेऊन येताना दिसला, तर त्यालाही तिने रस्त्यावरूनच चार शब्द सुनावले.

आत दोघंच राहिले. बायको गल्ल्याला टेकून दम खात होती. ती जमिनीकडे बघत होती. तुकडे त्याच्या पायांभोवतीच पडले होते. कॉटच्या बाजूची जमीन स्वच्छ होती.

“का धरलास?” तिने विचारलं.

“कळलं नाही.”

“बोटं हलतायत का बघ. हळू.”

त्याने हलवली. सगळी हलली. तिने मोठा श्वास घेतला.

“त्या दिवशी दवाखान्यात...” तो म्हणाला आणि थांबला. “मी मागे सरलो गं.”

“माहीत आहे. मी बघत होते.”

“माझे हात आपोआप...”

“तुझ्या जागी मी असते, तर मीही सोडलं असतं,” ती म्हणाली. “किती तुकडे फोडलेस मला शिकवायला.”

तो रडायला लागला. डोळे पुसायला हात नव्हते. तिने आपल्या बाहीने त्याचं तोंड पुसलं, जरा जोरातच.

“मग इतके दिवस माझा हात का नाही धरलास?”

“तुझा हात केवढा थरथरत होता, बघितला नाहीस? त्याच्यापेक्षा भिंत बरी.”

रडता रडता त्याला हसू आलं. ती हसली नाही. फुटलेल्या आरशाकडे, मग त्याच्या बांधलेल्या पंजांकडे तिने पाहिलं.

“तुझ्याने आता सोडवत नाही. तू काचेच्या कामाचा राहिला नाहीस,” ती म्हणाली.

पुढे काय, हे तिने विचारलं नाही आणि त्यालाही सुचलं नाही. या दुकानाखेरीज दोघांनाही दुसरं काही येत नव्हतं. बाहेर बारकी टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालत होती.

“चला,” बायको म्हणाली. “निघायच्या आधी मला न्हाणीघरापर्यंत न्या.”

तो स्टुलावरून उठला. तुकडे चपलेने बाजूला सारून त्याने वाट केली आणि कोपर पुढे धरलं. तिने ते धरलं.